सूर लागेपर्यंत

रात्री दहाला झोपी जाणाऱ्या गावात तीन वर्षं राहून एका ठाणेकर मुलीनं काय कमावलं? हिशेब मांडायला घेतला, पण एक्सेल शीट अपुरी पडली!

‘‘तू गल्फमध्ये होतीस? वॉव! दुबई?’’

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा प्रश्न मला दर दोन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच. मी म्हणते, नाही, सूर. मग समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. सूर? म्हणजे गाण्यातला? मग मी मोबाइलवर नकाशा काढून दाखवते. हे ओमान. हे मस्कत. इथून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली सुमारे दोनशे किलोमीटर गेलात की हा जो कोपरा समुद्रात घुसलाय ना, तिथे हे गाव. एके काळी इथे मोठमोठी लाकडी गलबतं बांधली जायची आणि त्यांचं सागवान आपल्या मलबारातून यायचं. १९५१ साली सूरमध्येच बांधलेलं ‘फतह अल खैर’ नावाचं गलबत आजही खाडीकाठी जपून ठेवलंय.

एवढं ऐकल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला. ‘‘पण तिथे तुम्ही लोक करायचात काय?’’

तर मंडळी, या प्रश्नाचं उत्तर एकदाचं लिहूनच टाकते.

एप्रिल २०१६ मध्ये मी गणिताची शिक्षिका म्हणून सूरला गेले. वय सत्तावीस, लग्न नाही आणि डोक्यावर ठाण्यातल्या वन बीएचकेचं कर्ज. तेव्हा एका ओमानी रियालचे पावणेदोनशे रुपयांच्या आसपास मिळायचे. मी विमानात बसायच्या आधीच एक्सेल शीट बनवली होती. दोन वर्षं, चोवीस महिने, चोवीस ओळी. पगार, भाडं, किराणा, घरी पाठवायचे पैसे. ‘एंटरटेनमेंट’ नावाच्या कॉलममध्ये मी शून्य टाकलं होतं. दोन वर्षांसाठी कशाला कुणात जीव गुंतवायचा? काम करायचं, पैसे साठवायचे, बॅग उचलायची. एकदम क्लिअर प्लॅन!

सूरमध्ये भारतीय शिक्षक कसे काय, असं वाटेल तुम्हाला. गावाजवळ कल्हातला एलएनजीचा मोठा प्रकल्प आहे. शिवाय आपल्या इफ्को आणि कृभको यांच्या भागीदारीतला खताचा कारखाना आहे. तिथले इंजिनीअर, टेक्निशियन, अकाउंटंट भारतातून येतात, त्यांच्याबरोबर त्यांची मुलं येतात आणि मुलांच्या मागोमाग सीबीएसईची पुस्तकं घेऊन आम्ही! गावातल्या कॉलेजांत इंग्रजी शिकवायला आलेले ब्रिटिश, दक्षिण आफ्रिकन, फिलिपिनो, ट्युनिशियन, इजिप्शियन शिक्षक वेगळेच. म्हणजे गाव छोटं, पण स्टाफरूम संयुक्त राष्ट्रसंघाची!

शाळा सकाळी सातला भरायची आणि दुपारी दीडला सुटायची. आणि मग? मग काहीच नाही. दुपारी एक ते चार दुकानं बंद. (पुणेकरांनो, तुम्ही एकटे नाही आहात!) बाहेर चाळीसच्या वर पारा. संध्याकाळी थोडी जाग यायची आणि दहापर्यंत गाव पुन्हा चिडीचूप. सुट्टी शुक्रवार-शनिवार. म्हणजे रविवारी सकाळी मी सातवी ‘ब’ला अपूर्णांकांचा गुणाकार शिकवून स्टाफरूममध्ये यायचे, तेव्हा मोबाइलवर मैत्रिणींचे फोटो आलेले असायचे. एफसी रोड, मसाला डोसा, ‘मिसिंग यू’. मी फोन पर्समध्ये टाकून आठवी ‘अ’कडे चालू पडायचे.

आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक फ्लॅट शिक्षकांचेच होते. माझ्या समोरच्या दारात केरळच्या एक शिक्षिका राहायच्या. नवरा कारखान्यात, मुलगा भारतात इंजिनीअरिंगला. १९९७ पासून त्या सूरमध्ये होत्या. सगळे त्यांना चेची म्हणायचे, म्हणजे मल्याळममध्ये ताई. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी बेल वाजवली. ‘‘मोळे, जेवायला ये. फिश करी आहे.’’ मोळे म्हणजे मुली. मी म्हटलं, थँक यू, पण पेपर तपासायचेत. पुढच्या शुक्रवारी म्हटलं, डोकं दुखतंय. त्याच्या पुढच्या शुक्रवारी दिवा बंद करून आत बसून राहिले. खरंच! सत्तावीस वर्षांची बाई, अंधारात, श्वास रोखून. चेचींनी दोनदा बेल वाजवली आणि डबा दाराबाहेर ठेवून गेल्या.

मी डबा घासून परत दिला. रिकामा. आता ते आठवलं तरी कान गरम होतात. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करतं का कुणी? निदान साखर तरी घालतात.

हळूहळू कळलं, की गावात सोशल लाइफ आहे, फक्त ते बाहेरून दिसत नाही. तिकीट काढून आत शिरता येईल असं ते नव्हतं. ते कुणाच्या तरी घरी असायचं, कुणाच्या तरी गच्चीवर आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी गाडीत. गाडीवाले आणि बिनगाडीवाले ही सूरमधली खरी जातव्यवस्था. मी अर्थातच बिनगाडीवाली. केशरी-पांढऱ्या टॅक्स्या मिळायच्या, पण गुरुवारी संध्याकाळी ‘लुलू’मध्ये महिन्याचा किराणा भरायचा तर कुणाच्या तरी डिकीत जागा लागायचीच. आणि डिकीत जागा मिळाली, की परतीच्या वाटेवर चहाही आलाच.

हा चहा म्हणजे करक. तिथे टपरीला कॉफी शॉप म्हणतात. गाडी समोर उभी करायची आणि हॉर्न वाजवायचा. (आपल्याकडे हॉर्न वाजवल्यावर शिव्या मिळतात, तिथे चहा!) पोऱ्या धावत यायचा, शंभर बैशांत कागदी कपातून दाट, गोड, वेलचीचा चहा द्यायचा. बरोबर पराठ्याच्या गुंडाळीत अंडं, चीज आणि चुरलेले ‘चिप्स ओमान’. ऐकायला भयंकर, पण खाऊन बघा! मग गाडी कॉर्निशवर लावायची, काचा खाली करायच्या आणि खाडीपलीकडच्या अल-आयजाच्या दीपगृहाकडे बघत प्रिन्सिपलपासून पगारापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचा. आमची नाइटलाइफ ती हीच!

बाहेरची माणसं भेटायची तीही अशीच. बिल्डिंगच्या मालकाची आई तळमजल्यावर राहायची. पहिल्या ईदला तिनं हाताला धरून मला घरात नेलं. सतरंजीवर बसवलं, खजूर आणि ओमानी हलवा पुढे केला आणि छोट्याशा कपात कहवा ओतला. मी संपवला. तिनं पुन्हा ओतला. मी पुन्हा संपवला. पाहुणी म्हणून गेलेय, नाही कसं म्हणायचं? असे सात कप झाले! शेवटी तिची सून खो-खो हसायला लागली आणि तिनं मला दाखवलं, की पुरे झालं की कप परत देताना असा किंचित हलवायचा. हलवला नाही, तर यजमान ओततच राहणार. त्या रात्री मी तीन वाजेपर्यंत जागी होते.

सगळं गोडगोड होतं असं मात्र समजू नका. छोट्या गावात कुणाच्या घरी कुठला फ्रिज आला हेसुद्धा सगळ्यांना ठाऊक असतं. एका सरांच्या गाडीतून मी दोनदा घरी आले, तर तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कुजबुज. लग्न का नाही केलं, याची चौकशी तर चार भाषांमध्ये व्हायची. मल्याळी ग्रुप, तमिळ ग्रुप, हिंदीवाले, गोरे, अशी वर्तुळंही होतीच. शिवाय गल्फमध्ये पासपोर्टचा रंग पगारात उतरतो, हे उघड गुपित. कॉलेजातला एक साठीचा ब्रिटिश शिक्षक गच्चीवरच्या क्विझला यायचा, मोकळा माणूस. एकदा बोलता बोलता त्यानं आपल्या घरभाडे भत्त्याचा आकडा सांगितला आणि आमच्या गच्चीवर एकदम शांतता पसरली. तो आकडा माझ्या पगाराच्या फार खाली नव्हता. त्याला चूक उमगली. पुढच्या वेळी तो दोन मोठे केक घेऊन आला. पगार काही बदलले नाहीत.

फिजिक्सच्या सरांशी तर माझं बोलणंच बंद होतं. सर त्रिचीचे, कडक. टाइमटेबल तेच बनवायचे आणि माझे फ्री पीरियड कायम दुसऱ्यांच्या वर्गांवर जायचे. डिसेंबरमध्ये आमची सगळ्यांसमोर जोरदार वाजली. मी घरी येऊन शीट उघडली. नऊ ओळी भरल्या होत्या, पंधरा बाकी. बस, पंधरा महिने, असं स्वतःला बजावलं.

आणि मग जानेवारी २०१७ मधली ती रात्र.

साडेनऊ वाजले होते, म्हणजे ठाण्यात अकरा. आईचा फोन. बाबांना अ‍ॅटॅक आलाय, आयसीयूत आहेत, डॉक्टर काही सांगत नाहीत. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात फरशीवर बसले. मला काहीच सुचत नव्हतं. मस्कत दोनशे किलोमीटर. गाडी नाही. महिनाअखेर, सगळे पैसे घरी पाठवून झालेले. मी उठले, समोरचं दार वाजवलं आणि तोंडातून एकच शब्द निघाला, ‘‘चेची...’’

पुढचा तासभर मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. चेची फोनवर भराभर बोलतायत. कानपूरच्या हिंदीच्या मॅडम नाइटगाउनवर शाल घेऊन माझी बॅग भरतायत आणि मला विचारतायत, ‘‘बेटा, पासपोर्ट कहाँ है?’’ कॉम्प्युटरचे सर त्यांच्या कार्डावर पहाटेच्या फ्लाइटचं तिकीट काढतायत. तळमजल्यावरच्या आजींनी खजुरांचा डबा वर पाठवलाय. आणि खाली गाडी सुरू करून कोण उभं? फिजिक्सचे सर.

सव्वादोन तासांच्या त्या ड्राइव्हमध्ये सर बोलले ते इतकंच, की ‘‘रात्री या रस्त्यावर उंट येतात, म्हणून मी शंभरच्या वर जाणार नाही. पण आपण वेळेत पोचू.’’ चेची मागच्या सीटवर माझा हात धरून बसल्या होत्या. डावीकडे काळे डोंगर, उजवीकडे काळा समुद्र. एअरपोर्टवर चेचींनी माझ्या पर्समध्ये एक पाकीट कोंबलं. विमानात उघडून पाहिलं. एकशे चाळीस रियाल. पाच-पाचच्या, एक-एकच्या, चुरगळलेल्या नोटा. कुणी किती दिले, याची यादी नव्हती.

बाबा वाचले. बायपास झाली. मी आयसीयूच्या काचेबाहेर उभी असताना त्यांनी डोळे उघडले आणि मला बघून पहिलं वाक्य काय म्हणावं? ‘‘शाळा बुडवून आलीस?’’

अठरा दिवसांनी मी सूरला परतले. सगळ्यात आधी पाकीट घेऊन चेचींकडे गेले. आत मोजून एकशे चाळीस रियाल. म्हटलं, कुणाचे किती ते सांगा, मी परत देते. चेची म्हणाल्या, मला आठवत नाही. मी हिंदीच्या मॅडमना विचारलं, त्यांनाही आठवत नव्हतं. अख्ख्या बिल्डिंगची स्मरणशक्ती एकाच वेळी गेली होती! फिजिक्सच्या सरांना पेट्रोलचे पैसे विचारले, तर ते म्हणाले, ‘‘उद्या तिसरा पीरियड तुमचा फ्री आहे. नववी ‘क’वर जा.’’

शेवटी चेची म्हणाल्या, ‘‘मोळे, हे पैसे फिरते आहेत. ९८ साली माझी आई गेली, तेव्हा मलाही असंच पाकीट मिळालं होतं. देणारे कधीच परत गेले. तू पुढच्याला दे.’’

त्या रात्री मी शीट उघडली. एकशे चाळीस रियाल कुठल्या कॉलममध्ये टाकायचे ते कळेना. उसने म्हणावेत तर देणेकरी सापडत नाही. बक्षीस म्हणावं तर तेही नाही. तो सेल मी रिकामाच ठेवला.

त्यानंतर मी दिवे बंद करून बसणं सोडलं. ड्रायव्हिंगचा क्लास लावला. ओमानमधली ड्रम टेस्ट भल्याभल्यांना रडवते. पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायची, एकालाही न लावता. दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास. एक थर्डहँड कोरोला घेतली आणि रातोरात जात बदलली. आता माझ्या डिकीत दुसऱ्यांचा किराणा! शुक्रवारी सकाळी फिश मार्केटला माझीच ट्रिप असायची. सुरमईला तिकडे कनद म्हणतात. कोळ्याशी घासाघीस करण्याइतकं अरबी मी शिकले, त्यापुढे एक शब्द नाही.

२०१७ ची गणेश चतुर्थी नेमकी शुक्रवारी आली. मी हाताएवढा मातीचा गणपती केला आणि सगळ्यांना बोलावलं. एकवीस उकडीचे मोदक करता करता अर्धे फुटले. चेचींनी एक मोदक उचलला, फोडला, बघितला आणि जाहीर केलं, ‘‘अरे, ही तर आमची कोळुकट्टा!’’ फिजिक्सचे सर म्हणाले, नाही, ही आमची कोळुकट्टई. पाऊण तास वाद चालला. मोदक संपले, वाद नाही. दहा दिवसांनी ओणम होता. चेचींच्या हॉलमध्ये आम्ही मांडी घालून केळीच्या पानावर जेवलो आणि ब्रिटिश आजोबांना उठताना दोघांनी हात दिला.

मार्च २०१८ मध्ये करार संपला. कर्ज बरंचसं फिटलं होतं आणि एक्सेलची चोविसावी ओळ भरली होती. मी आणखी एका वर्षासाठी सही केली. आई म्हणाली, ‘‘काय ठेवलंय गं त्या वाळवंटात?’’ मला धड सांगता आलं नाही.

पण खरं सांगू? तिथल्या मैत्रीवर व्हिसासारखी एक्स्पायरी डेट असते. दर वर्षी दोन-तीन जण जातात. फेअरवेलची बिर्याणी, ग्रुप फोटो, ‘टच में रहना’. आणि मग त्या घरातलं सामान वाटलं जातं. माझा मिक्सर एका तमिळ मॅडमचा, तिला तो एका गोव्याच्या टीचरनं दिलेला. जून २०१८ मध्ये चेचींचा नंबर आला. एकवीस वर्षांनंतर.

जायच्या आधी त्यांना रास अल जिंझला जायचं होतं. तिथे समुद्रातली हिरवी कासवं रात्री वाळूवर अंडी घालायला येतात. एकवीस वर्षांत त्या तीनदाच गेल्या होत्या, म्हणाल्या, आपल्या गावातलं कुठे बघतो आपण? गाइडच्या मंद दिव्याच्या मागे आम्ही सात जण चाललो. एक भलीमोठी कासवीण खड्डा बुजवत होती. दमून थांबायची, पुन्हा वाळू उडवायची. चेची हळूच सांगत होत्या, जून २००७ मध्ये गोनू वादळ आलं, तेव्हा आमच्या घरात चौदा माणसं राहिली, वीज नाही, पाणी नाही, आणि त्यातले निम्मे लोक त्याच्या आधी एकमेकांशी बोलतसुद्धा नव्हते. फिजिक्सचे सर अंधारात खाकरले. मी हसू दाबलं.

जाताना चेचींनी मला त्यांचं कढीपत्त्याचं झाड दिलं. पेंटच्या निळ्या बादलीत लावलेलं, कमरेएवढं. ते त्यांनीही लावलेलं नव्हतं. त्यांच्याही आधीच्या कुणीतरी, कुठून तरी रोप आणून लावलं होतं. चेची टॅक्सीत बसल्या, काच खाली केली आणि म्हणाल्या, ‘‘उन्हाळ्यात दोनदा पाणी. आणि डबा परत करताना त्यात काहीतरी घालत जा.’’

म्हणजे त्यांना आठवत होतं! दोन वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं होतं. मी हसले, रडले, आणि टॅक्सी वळली.

मार्च २०१९ मध्ये मीही निघाले. बादली सोलापूरहून आलेल्या नव्या केमिस्ट्रीवालीला दिली. पहिल्या दोन शुक्रवारी तिनं माझ्या बेलला दार उघडलं नव्हतं. आत अंधार होता, पण ती आत आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. मी डबा दाराबाहेर ठेवून आले होते. एकशे चाळीस रियालही त्या वर्षी एका पाकिटातून दुसऱ्या कुणाकडे गेले. कुणाकडे ते मला आठवत नाही.

आता मी पुण्यात एका कंपनीत मुलांसाठी गणिताचे ऑनलाइन धडे लिहिते. दोन मॉल, चार मल्टिप्लेक्स हाकेच्या अंतरावर. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशे माणसं आहेत आणि पार्किंगवरून रोज भांडणं. समोरच्या फ्लॅटमध्ये अकोल्याहून आलेली एक मुलगी राहते. आयटीत आहे. सहा महिने आम्ही लिफ्टमध्ये एकमेकींकडे बघून नुसतं हसत होतो.

गेल्या महिन्यात सूरहून फोटो आला. निळी बादली, झाड आता खिडकीच्या वर गेलेलं आणि शेजारी मला अनोळखी असलेली एक हसरी मुलगी. बादलीची चौथी, की पाचवी मालकीण?

मी बराच वेळ फोटो बघत बसले. मग उठले, दाट दुधाचा वेलची घातलेला चहा उकळला आणि समोरची बेल वाजवली. दाराखालच्या फटीतून दिवा दिसत होता. तो विझला.

काही हरकत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा वाजवीन.